हे 'सबमिशन म्युझिक' नाही!

"अगं, तुमच्याकडचं कोणी गेलंय का?"

सबमिशनच्या आदल्या रात्री रूममेटनं दारातच थबकून विचारलेला हा प्रश्न! कोणी गेलं नव्हतं. माझ्या फोनवर सर्गेई रखमानिनॉफचं 'ऑल-नाइट व्हिजिल' चालू होतं, एवढंच. दोन आठवड्यांत चित्र पालटलं. आता तीच म्हणते, "तुझं ते रशियन लाव ना, जर्नल लिहिताना बरं वाटतं." अख्ख्या विंगमध्ये त्याला 'सबमिशन म्युझिक' असं नाव पडलंय. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. तिचा पहिला प्रश्न मला जास्त प्रामाणिक वाटला होता. निदान तेव्हा ती ऐकत तरी होती!

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठीत चुका असतील तर सांभाळून घ्या. शाळेच्या कॉयरमध्ये मी दहावीपर्यंत गायले. पण आमच्यामागे कायम पियानो असायचा. सूर घसरला की तो सावरून घ्यायचा. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत वाद्यं नसतात. आधार फक्त गळ्याचा. घसरलात तर घसरलात!

'व्हिजिल' हे १९१५ सालचं काम. एकूण १५ भाग, त्यातले दहा चर्चमधल्या जुन्या पारंपरिक चालींवर बेतलेले. पहिला प्रयोग त्याच वर्षी मॉस्कोमध्ये झाला, महायुद्धातल्या मदतनिधीसाठी. गाणारे होते सिनॉडल कॉयरचे पुरुष आणि लहान मुलं. पाचव्या भागाच्या शेवटी खर्जातले गायक एकेक पायरी उतरत इतके खाली जातात, की असे गळे आणायचे कुठून, असा प्रश्न खुद्द कॉयरमास्तर दानिलिनला पडला होता. तो शेवटचा स्वर साधारण ५८ हर्ट्झचा. म्हणजे आपल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या जरासाच वर! फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो मूळ स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. वरच्या हार्मॉनिक्सवरून आपला मेंदूच त्याचा अंदाज बांधतो.

आता कबुली देते. पहिल्या वर्षी गणितात केटी लागली तेव्हा मीही हे झोप यावी म्हणूनच लावायचे. एका रात्री लाइट गेले, पंखा थांबला. कानात इयरफोन होते आणि नेमका पाचवा भाग संपत आला होता. तो खालचा स्वर मला त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आला. तीन महिने रोज लावत होते, आणि तो रोज पंख्याच्या घरघरीत बुडत होता! झोप उडाली ती उडालीच. दुसऱ्या दिवशी या लोकांचं पुढे काय झालं ते शोधत बसले.

१९१७ ची क्रांती झाली आणि रखमानिनॉफ देश सोडून गेला. सिनॉडल कॉयरची शाळा १९१८ मध्ये बंद पडली. पावेल चेस्नोकोव्ह नावाचा संगीतकार मॉस्कोच्या ज्या कॅथीड्रलचा कॉयरमास्तर होता, ते १९३१ मध्ये सुरुंग लावून पाडलं. आणि मी ऐकते ते रेकॉर्डिंग? १९६५ सालचं, अलेक्सांद्र स्वेश्निकोव्हच्या सरकारी कॉयरचं. नास्तिक सरकारच्या पगारावरची माणसं देवाची गाणी गाताहेत! ही रेकॉर्ड सोव्हिएत दुकानांत सर्रास मिळत नव्हती, ती मुख्यतः निर्यातीसाठी होती, असं सांगतात. त्या गायकांच्या मनात काय होतं कोण जाणे. पण टाळेबंद झालेली गोष्ट हातात आल्यावर माणूस जसं जपून धरेल, तसं ते गायलेत.

मैत्रिणी म्हणतात, "भाषा कळत नाही, धर्म आपला नाही, मग एवढं मनावर कशाला?" भाषा चर्च स्लाव्हॉनिक आहे, आजच्या रशियन माणसालाही ती सगळी कळत नाही. धर्माचं म्हणाल तर मीही काही श्रद्धेनं ऐकत नाही, आणि रेकॉर्डिंग ऐकणं म्हणजे प्रार्थना नव्हे हेही मला मान्य आहे. पण दुसऱ्याच्या घरी पूजा चालू असेल तर आपण नमस्कार करो न करो, निदान गप्पा तरी थांबवतो ना? तेवढंच मागतेय.

पाचव्या भागात सिमिओन नावाचा म्हातारा आहे. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मूल अखेर हातात आलं, आता मी जायला मोकळा, असं तो म्हणतो. आपल्या अंत्यविधीला हाच भाग गायला जावा अशी रखमानिनॉफची इच्छा होती. म्हणजे रूममेटचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता!

तर मित्रमैत्रिणींनो, एकच विनंती. हा भाग जेमतेम चार मिनिटांचा आहे. तेवढा वेळ जर्नल मिटा, इयरफोन लावा आणि पंखा बंद करा. नाही आवडलं तर खुशाल सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. पण 'बरं वाटतं' म्हणून मागे लावून ठेवू नका.