नोकरीचें टिपण कीं लग्नाचें ?

आपल्यापैकीं बहुतेक घरांत मुलामुलींचें टिपण दोनदां लिहिलें जातें; एकदां नोकरीसाठीं आणि एकदां लग्नासाठीं. दोहोंसही आपण 'बायोडेटा' हें एकच नांव देतों, आणि घोटाळ्यास आरंभ येथूनच होतो. लग्नाच्या टिपणांत वडिलांचा हुद्दा, गोत्र, आजोळ, काकामामांचीं ठिकाणें, उंची, वर्ण, घर स्वतःचें कीं भाड्याचें, हें सर्व यावयाचेंच. कारण तेथें पाहावयाचें असतें तें स्थळ, आणि स्थळ म्हणजे घराणें. नोकरी देणारा मनुष्य स्थळ पाहावयास बसलेला नसतो. त्याच्या कचेरींतील जाळें रात्रीं दोन वाजतां बंद पडलें, तर तें हा मुलगा सुरू करूं शकेल कीं नाहीं, एवढ्या एका प्रश्नाचें उत्तर त्याला हवें असतें.

परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर या बाजूंनीं पुण्या-हैदराबादेस जाणारीं जीं टिपणें आमच्या पाहण्यांत येतात, त्यांत हें उत्तर बहुधा सांपडत नाहीं. नेटवर्किंगच्या, म्हणजे संगणकांचीं जाळीं उभारण्याच्या व सांभाळण्याच्या, पहिल्याच नोकरीसाठीं धडपडणाऱ्या मुलांच्या टिपणांत तर विशेषच नाहीं. पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग छायाचित्र, वडिलांचें संपूर्ण नांव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिति आणि चार ओळींचा पत्ता यांनीं भरलेला असतो. त्याखालीं 'आव्हानात्मक वातावरणांत कार्य करून संस्थेच्या व स्वतःच्या उत्कर्षास हातभार लावणें' अशा अर्थाचें एक उद्दिष्ट येतें. तें इतक्या टिपणांत शब्दशः सारखें आढळतें कीं, त्याचा मूळ कर्ता कोण याचा एखाद्या संशोधकानें शोधच घ्यावा ! पुढें दहावी-बारावीचे गुण, छंद म्हणून क्रिकेट व वाचन, आणि शेवटीं 'वरील सर्व मजकूर खरा आहे' अशी प्रतिज्ञा. मुलाला प्रत्यक्ष काय येतें, तें 'संगणकाचें ज्ञान' एवढ्या दोन शब्दांत आटोपलेलें असतें.

यांत मुलांना एकट्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राज्य संपेपर्यंत आपल्या जिल्ह्याचा कारभार उर्दूंत चालत असे. त्या काळच्या मंडळींनीं मोठ्या कष्टानें ती भाषा आत्मसात केली, अर्ज लिहिले, आणि 'अमक्याचा मुलगा, तमक्याचा पुतण्या' ही ओळख अर्जाच्या आधीं पोंचविण्याची दक्षताही घेतली. ती रीत तेव्हां शहाणपणाचीच होती. तीच संवय आजच्या टिपणांतही डोकावते, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आज मोठ्या कंपन्यांकडे येणारीं टिपणें पुष्कळदां प्रथम माणूस वाचीतच नाहीं. एक संगणकीय प्रणाली तीं चाळते आणि जाहिरातींतील शब्द त्यांत आहेत कीं नाहींत तें पाहते. चौकटी, रंगीत तक्ते, छायाचित्रें यांमध्यें गुंतलेला मजकूर तिला नीट वाचतां येईलच असें नाहीं. साधें, एका रकान्याचें, एका पानाचें टिपण तिला सोईचें. वडिलांच्या हुद्द्याचें तिला कांहींच कौतुक नसतें. (सरकारी भरतीची गोष्ट अर्थात् निराळी. तेथें ठरलेला नमुना असतो, आणि जें विचारलें असेल तें भरावेंच लागतें.)

मग वरच्या त्या अर्ध्या पानांत लिहावयाचें काय ? मुलगा म्हणतो, 'मला अनुभवच नाहीं.' वस्तुतः अनुभव असतो. तो सांगण्यासारखा आहे असें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. एक उदाहरण घेऊं. समजा, सेलूकडील एका मुलानें पदविकेच्या शेवटच्या वर्षीं तीन महिने गांवच्या शाळेची संगणक-खोली सांभाळली, आणि टिपणांत 'शाळेंत नेटवर्किंगचें काम केलें' एवढीच ओळ लिहिली. त्याला खोदून विचारलें तर हकीकत निघते ती अशी : खोलींत वीस संगणक, रोज दुपारीं त्यांतले पांचसहा जाळ्यांतून गळून पडत. सर्वांचें मत एकच, 'कंपनीची लाइनच वाईट.' मुलानें बंद पडलेल्या एका संगणकाचा अंतर्गत पत्ता काढून पाहिला. तो १९२.१६८.१० या आंकड्यांनीं सुरू व्हावयास हवा होता, पण १९२.१६८.१ नें सुरू होत होता. याचा अर्थ, शाळेच्या राउटरखेरीज दुसरें कोणीतरी संगणकांना पत्ते वांटीत होतें. शोध घेतां घेतां शाळेच्या कार्यालयांत घरून आणून जोडलेला एक जुना राउटर सांपडला. दुपारीं कार्यालय उघडलें कीं तो सुरू होई, आणि त्या वेळीं जो संगणक नवा पत्ता मागे, त्याला दोहोंपैकीं ज्याचें उत्तर आधीं येईल त्याचा पत्ता मिळे. मुलानें त्या राउटरमधील पत्ते वांटण्याची सोय, जिला डीएचसीपी म्हणतात ती, बंद केली, आणि तक्रार मिटली.

ही हकीकत नेटवर्किंगच्या पहिल्या नोकरीस सोन्यासारखी आहे. ती टिपणांत दोन ओळींत यावी : 'वीस संगणकांच्या शालेय जाळ्याची तीन महिने देखभाल. दुसऱ्या डीएचसीपीमुळें रोज होणारा बिघाड शोधून दूर केला.' किती यंत्रें, काय बिघडलें, काय केलें, पुढें काय झालें, हें सर्व त्यांत आलें. लिहावयाचें इंग्रजींत, हें खरें. पण गोष्ट आधीं मराठींत सरळ सांगतां आली तर इंग्रजी फारसें अडत नाहीं. अडतें तें, सांगण्यासारखें काय आहे हेंच ठाऊक नसल्यामुळें.

आतां थोडें कटु बोलावयाचें आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ सालीं मंजूर झाली आणि २०१५ पासून ती भारतनेट या नांवानें ओळखली जाते. असल्या कामांवर कंत्राटदाराच्या हाताखालीं चार महिने राबलेला एखादा मुलगा टिपण लिहावयास बसतो, तेव्हां घरांतूनच आवाज येतो, 'पदविका घेऊन खड्ड्याशेजारीं बसलास, हें काय लिहावयाचें ?' आणि ती ओळ खोडली जाते ! केसासारख्या दोन तंतूंचीं टोकें यंत्रानें सांधणें, सांध्यांत प्रकाश किती डेसिबल कमी झाला तें मोजणें, प्रमाणापेक्षां अधिक घट आली तर सांधा तोडून पुन्हां करणें, हें काम पुस्तकांत वाचून येत नाहीं. कचेरींतील साधी तांब्याची केबल शंभर मीटरांपर्यंतच टाकावयाची असते, त्यापुढें फायबर घ्यावी लागते, हें परीक्षेंत पुष्कळजण लिहितात. ज्यानें दोन्ही केबली स्वतः ओढल्या आहेत, त्याला तें विचारावें लागत नाहीं. लेखणीचा अभिमान आपल्या घरांना आहे व तो असावाही. परंतु हातांनीं केलेलें काम लपवून मुलाला बेकार म्हणून मिरविण्यांत कसली प्रतिष्ठा राहते, तें आम्हांस समजत नाहीं.

हें खरें काम खोडणारीं घरेंच कधीं कधीं खोटें काम लिहावयास तयार होतात, ही त्याहून दुःखाची गोष्ट. 'दोन वर्षांचा अनुभव' असें पत्र पैसे घेऊन देणारे लोक मोठ्या शहरांत भेटतात, आणि मुलगा वर्षभर रिकामा बसला कीं एखाद्या हितचिंतकाला तें पत्र सुचतें. नीतीचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला एक कायमचा क्रमांक मिळतो आणि कोणत्या मालकाकडे केव्हांपासून केव्हांपर्यंत नोकरी झाली, हें त्या क्रमांकावर दिसतें. मोठ्या कंपन्या नेमणुकीच्या वेळीं ही चौकशी करवितात. पत्रांत दोन वर्षें आणि निधींत एक पैही नाहीं, म्हटल्यावर लागलेली नोकरी जाते, आणि तेंच नांव पुढें दुसऱ्या ठिकाणींही आड येतें.

प्रमाणपत्रांविषयीं थोडक्यांत. सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा या क्षेत्रांत मान्य आहे. पण तिची फी घराला जड वाटण्याजोगी असते आणि प्रमाणपत्र तीनच वर्षें चालतें. म्हणून नोकरी दृष्टिपथांत नसतां घाईनें ती देण्यापेक्षां, त्याच कंपनीचें पॅकेट ट्रेसर हें विनामूल्य साधन घेऊन घरच्या संगणकावर जाळीं रचावींत आणि तीं टिपणांत नोंदवावींत. अभ्यास चालू असेल तर 'चालू' असेंच लिहावें. जो शब्द टिपणांत येईल त्यावर प्रश्न येणारच. 'सबनेटिंग येतें' असें लिहिलें कीं समोरचा विचारतो, '/२६ मध्यें यंत्रांना पत्ते किती ?' चौसष्टांतून दोन वजा, बासष्ट, हें उत्तर तत्काळ देतां येत नसेल, तर तें येईपर्यंत तो शब्द लिहूं नये.

पत्त्याचीही एक गंमत आहे. 'जगांत जर्मनी, भारतांत परभणी' असें आपण मोठ्या थाटानें म्हणतों. टिपणावर परभणी लिहितांना मात्र हात आंखडतो, आणि पुण्यांतील मावसभावाचा पत्ता दिला जातो. मग उद्यां सकाळीं दहाला भेटावयास या म्हणून बोलावणें आलें कीं रात्रींच्या गाडीची धांवपळ ! त्यापेक्षां 'परभणी, पंधरा दिवसांत पुण्यास राहावयास येण्याची तयारी' असें लिहिलें तर मालकाची शंका फिटते. पाळ्यांविषयींही स्पष्ट असावें. मोठ्या कंपन्यांचीं जाळीं सांभाळणारीं केंद्रें अहोरात्र चालतात, आणि नवख्या उमेदवारांना रात्रपाळी बहुधा चुकत नाहीं. मुलीचें टिपण असेल तर ही गोष्ट घरांत आधींच बोलून घ्यावी. महाराष्ट्राच्या दुकानें व आस्थापनांविषयींच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणें रात्रीं साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवावयाचें तर तिची संमति लागते, आणि तिच्या संरक्षणाची व जाण्यायेण्याची व्यवस्था मालकाला करावी लागते. नेमणुकीचें पत्र हातीं आल्यावर सबंध घरानें बैठक भरवून नकार कळविण्यापेक्षां हें पुष्कळ बरें.

टिपण तयार झालें कीं घरांतील ज्या व्यक्तीला संगणकांतलें अक्षरही कळत नाहीं, तिला तें मोठ्यानें वाचून दाखवावें. आत्या किंवा आजी या कामास उत्तम. प्रत्येक ओळीला तिनें 'म्हणजे तूं काय केलेंस ?' एवढेंच विचारावें. ज्या ओळीला उत्तर निघणार नाहीं ती ओळ काढून टाकावी, आणि उत्तर ओळीपेक्षां चांगलें निघालें तर तें उत्तरच लिहावें. शेवटीं दूरध्वनीचा क्रमांक पाहावा. तो मुलाचा स्वतःचा असावा. वडिलांचा किंवा काकांचा नसावा. नाहीं तर भरदुपारीं कंपनीचा फोन येतो, काका तो घेतात, कंपनी कोठली, पगार किती, जेवणाची सोय काय, याची कसून चौकशी करतात, आणि तो निरोप मुलाला संध्याकाळीं चहाच्या वेळीं मिळतो.