गोखिवऱ्यातून निघावी अंध वाटाड्यांची रॅली

समाजकार्याला निधी मिळावा म्हणून हौशी चालकांनी गाड्या घेऊन उतरायचं, ही कल्पना जगात चांगली रुजली आहे. अमेरिकेत २००६ पासून ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’मध्ये ५०० डॉलरच्या जुन्या गाड्या तासन्‌तास पळवतात, त्यातून देणग्याही उभ्या राहतात. पण ते सगळं बंदिस्त ट्रॅकवर चालतं. आपल्याला त्यासाठी चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई किंवा कोईमतूर गाठावं लागेल. वसई-विरारच्या हौशी चालकाच्या वाट्याला उरतो तो सार्वजनिक रस्ता. तिथे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे; पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वसई पूर्वेच्या गोखिवऱ्याहून वसई फाट्याला पोचलं की जो मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो, त्याच महामार्गावर चारोटीजवळ ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा जीव गेला. अशा रस्त्यावर वेगाची चढाओढ कितीही चांगल्या कामासाठी असली तरी नकोच.

म्हणून माझा आग्रह अंध वाटाड्यांच्या रॅलीचा आहे. मुंबई-पुण्यात अशा रॅली झालेल्या आहेत. यात प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला असतो; उशीर झाला तर गुण कापले जातात, आणि लवकर पोचलात तरी कापले जातात. त्यामुळे गाडी दामटण्यात काहीच फायदा राहत नाही. मार्ग फक्त ब्रेलमध्ये छापलेला असतो, चालकाला तो वाचता येत नाही. शेजारी बसलेल्या अंध साथीदाराची बोटं कागदावरच्या ठिपक्यांवरून फिरतात, तो किलोमीटरचा आकडा विचारतो, हिशेब करतो आणि सांगतो, ‘शिरसाड फाटा, उजवीकडे, वज्रेश्वरी रस्ता.’ चालकानं ऐकलं नाही तर दोघंही चुकतात.

इतकं करण्यापेक्षा पेट्रोलचे पैसे थेट अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्या, असं कुणी म्हणेल. ज्याला द्यायचे आहेत त्यानं जरूर द्यावेत. पण देणगी देणारा वरच्या पायरीवर उभा असतो आणि घेणारा खालच्या. रॅलीत काही तास का होईना, डोळस माणूस अंध माणसाच्या बुद्धीवर विसंबतो. सातिवली-गोखिवऱ्यातल्या कारखान्याचा मालक असा अर्धा दिवस घालवून आला, तर आपल्या गाळ्यात अंध माणसाला काम देता येईल का, हा विचार त्याच्या मनात येण्याची शक्यता पावती फाडण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. वाहतूक कोंडीचा आक्षेपही रास्त आहे, कारण हा महामार्ग रोजच तुंबलेला असतो. मात्र मॅरेथॉनसारखे रस्ते रॅलीसाठी बंद करावे लागत नाहीत. रविवारी पहाटे एकेक मिनिटाच्या अंतरानं गाड्या सोडल्या की त्या इतर वाहनांत मिसळून जातात.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे: अंध व्यक्तींना फोटोपुरतं मिरवून घेतलं जातं. हे घडू शकतं, आणि ते टाळायचं तर नियम आधीच ठरवायला हवेत. पहिलं बक्षीस वाटाड्याच्या नावावर असावं. मार्गपत्रिका तपासण्याच्या समितीत अंध सदस्य असावेत. टी-शर्ट, बॅनर आणि जेवणावळीचा खर्च प्रायोजकांनी उचलावा, प्रवेश शुल्काला त्यासाठी हात लावू नये. निधी गोळा करायला गणेशोत्सव मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी काढतात. रॅलीच्या आयोजकांनीही ती काढावी आणि जमा-खर्च महिन्याभरात जाहीर करावा. वसई-विरारमधल्या क्लबांनी आणि उद्योजक संघटनांनी दिवाळीनंतरचा एखादा रविवार यासाठी ठरवावा, आणि गाडी असलेल्या वाचकांनी आपलं नाव द्यावं.