रुमालाचा क्रमांक आणि संगणकाचा क्रमांक

प्रति,
संचालक, पुरातत्त्व, अभिलेखागार व संग्रहालये संचालनालय,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ
विषय : धार व देवास संस्थानांच्या मराठी कागदांची संगणकीय नोंद



ऑटोनंबर म्हणजे नवी नोंद सुरू होताच डेटाबेसने आपणहून दिलेला क्रमांक. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये तो सहसा १ पासून एकेकाने चढत जातो, आणि प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारे फील्ड, म्हणून त्याच्याइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही. मात्र नोंद अर्धवट सोडून रद्द केली तरी तो क्रमांक खर्ची पडतो, आणि मधली नोंद पुसली तर तिची जागा रिकामीच राहते. म्हणून ४१ नंतर एकदम ४३ दिसला तर कागद गहाळ झाला असे ठरत नाही. असा क्रमांक रुमालाच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याच्या, चिठ्ठीवर लिहू नये. दाखल क्रमांक, रुमाल व पान यांची फील्ड वेगळी असावीत आणि ती कागद हाताळणाऱ्याने स्वतः भरावीत.

देवासच्या बाबतीत संगणकाचा क्रमांक आणि कागदाचा क्रमांक यांतला हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंपासून तिथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. इंदूरच्या पलीकडे धारला पवारांचीच तिसरी गादी. १९४८ मध्ये तिन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. कागद मात्र ज्या त्या दप्तराचेच राहतात.

समजा, दोन्ही पात्यांची नोंद दोन संगणकांवर झाली. थोरल्या पातीत ५७ वर इनामाची सनद, धाकट्या पातीत ५७ वर एका गावाचा ताळेबंद. दोन्ही टेबले एकत्र करताना जुने ऑटोनंबर तसेच नेले, तर प्रायमरी कीची पुनरुक्ती होते आणि ॲक्सेस त्या नोंदी नाकारतो. ते फील्ड वगळले, तर ताळेबंदाला नवा क्रमांक मिळतो. पण छायाचित्रांच्या टेबलात त्याच्यापुढे जुनाच ५७ असतो, आणि ताळेबंदाचे छायाचित्र सनदेला जाऊन चिकटते. ही चूक अधिक घातक, कारण त्या वेळी संगणक एका शब्दानेही हटकत नाही.

उपाय आधीच करायचा असतो. मुख्य टेबलात ‘दप्तर’ आणि ‘जुना क्रमांक’ ही दोन फील्ड ठेवावीत, दोन्ही मिळून अनन्य ठरवावीत, आणि छायाचित्रांचे नवे दुवे त्या जोडीवरूनच लावावेत. छायाचित्रांच्या टेबलात दुव्याचे फील्ड ऑटोनंबर नसावे. ते नंबर प्रकारचे, लाँग इंटिजर आकाराचे असावे. मुख्य टेबलातल्या ऑटोनंबरचा आकार म्हणून रेप्लिकेशन आयडी निवडल्यास दोन संगणकांचे क्रमांक सहसा आपटत नाहीत, पण ती लांबलचक अक्षरमाला वाचकाला मागणीपत्रावर उतरवता येणार नाही.

धार व देवासच्या कागदांची नोंद ज्यांच्याकडे सोपवली जाईल, त्यांना पहिला रुमाल सोडण्यापूर्वीच ही फील्ड ठरवून द्यावीत, ही संचालनालयाला विनंती.