बिऱ्हाड पाठीवर

मंडळी, उन्हाळा आला की रेड ॲरोजची लाल विमाने, मागे तो तिरंगी धूर आणि मान दुखेपर्यंत वर बघणारी आपली पोरे, हे ठरलेलेच. पण एका गावचा खेळ आटोपून हे पथक दुसऱ्या गावी जाते कसे?

विंचवासारखे, बिऱ्हाड पाठीवर घेऊन. हॉक विमानाला दोन आसने असतात. प्रवासात मागच्या आसनावर देखभाल करणारा तंत्रज्ञ बसतो. या तुकडीचे नावच ‘सर्कस’! हंगामभर एका वैमानिकाशी एकाची जोडी. उतरल्याबरोबर तपासणी, इंधन, धुरासाठी डिझेल आणि रंग, सगळे त्याच्याकडे. वैमानिक टाळ्या घेतो तेव्हा याचे हात काळे झालेले असतात.

हॉकला हवेतल्या हवेत इंधन घेता येत नाही. म्हणून २०१९ साली अमेरिका-कॅनडाच्या दौऱ्यावर पथक आइसलँड, ग्रीनलँड असे टप्पे घेत अटलांटिकपार गेले. जड सामानाला सोबत मालवाहू विमान होते. (एका किलोसाठी काउंटरवर बॅगा उघडणाऱ्या आम्हाला हेवा वाटला.)

हे मागचे आसन आरामाचे नव्हे. मार्च २०१८मध्ये वेल्समधल्या व्हॅली तळावरून स्कॅम्प्टनला परत निघालेले हॉक कोसळले. वैमानिक वाचला, मागे बसलेले तंत्रज्ञ, कॉर्पोरल जोनाथन बेलिस, गेले.

तेव्हा यंदा लाल विमाने धूर न सोडता सरळ घरावरून गेली, तर पोरांनी हिरमुसू नये. ती पुढच्या गावी निघालेली असतात, आणि मागे बहुधा सर्कसवाले बसलेले असतात.