न भरणारी जखम

कर्करोग हा शब्द आपल्या समाजात अजूनही मोठ्याने उच्चारला जात नाही. ओसरीवर चार माणसे बसलेली असली की तो कुजबुजीत येतो, आणि लगेच कोणीतरी विषय पालटतो. परंतु ज्या शत्रूचे नाव घेण्यासही आपण भितो, त्याच्याशी झुंज कशी देणार? म्हणून त्वचेच्या कर्करोगाविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत जो कर्करोग उद्भवतो, त्यास मेलॅनोमा म्हणतात. गौरवर्णीयांत, विशेषतः ऑस्ट्रेलियासारख्या प्रखर उन्हाच्या देशात, तो पुष्कळ आढळतो. अंगात सदरा, त्वचेला मलम आणि डोक्यावर टोपी, या त्रिसूत्रीचा प्रचार तेथे १९८१ साली सुरू झाला. शास्त्रज्ञांनीही या रोगाचा पिच्छा सोडला नाही. शरीराच्या स्वतःच्या रक्षणशक्तीला जागे करणारे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, ते वाढलेल्या मेलॅनोमावरच. आणि त्यामागील संशोधनासाठी ॲलिसन व होंजो या दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यावर कोणी म्हणेल, 'आपला वर्ण सावळा. आपल्याला त्याचे काय?' सावळ्या त्वचेला उन्हापासून पुष्कळ संरक्षण मिळते आणि आपल्याकडे मेलॅनोमा विरळा आहे, हे खरे. पण तो होतो तेव्हा बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, जेथे उन्हाचा दोष नसतो. जमैकाचा विख्यात गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ मध्ये आढळला, आणि १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो निवर्तला. संत्र्याच्या बागेत आणि कपाशीच्या शेतात अनवाणी वावरणाऱ्या आपल्या माणसांनी तळव्यावरचा वाढता काळा डाग 'काटा मोडला असेल' म्हणून सोडून देणे बरे नव्हे.

त्वचेचा आणखी एक कर्करोग आहे, आणि तो तर आपल्या वेषाशीच निगडित आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील थोर संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी, सहकारी सूर्याबाई यांच्यासह, १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी आवळून बांधल्याने तेथे घट्टा पडतो, जखम होते आणि क्वचित तिचा कर्करोग बनतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे स्त्रियांतही तेच आढळले. २०२४ मध्ये वर्धा व बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यांपैकी एकीने चाळीस वर्षे लुगडे घट्ट आवळून नेसले होते. तिची जखम दोन वर्षे भरली नव्हती, आणि रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता.

हे वाचून कोणी लुगड्याला नावे ठेवू नयेत. आम्ही मूळचे समुद्रकाठचे, कोकणी बोलणारे. आमच्याकडेही आयाबाया ते तितक्याच ठसक्याने नेसत आल्या आहेत. दोष वस्त्राचा नाही, आवळलेल्या गाठीचा आहे. नाडी रुंद असावी, सैल बांधावी, तिची जागा बदलत असावी. एवढ्याने पुष्कळ काम भागते.

परंतु आमच्या मते खरी गाठ कमरेला नाही, मनाला आहे. दोन वर्षे जखम वाहते, आणि घरात कोणाला पत्ता नसतो, हे कसे घडते? जी माउली सर्वांच्या मागून जेवते, ती आपले दुखणेही सर्वांच्या मागून सांगते. कमरेची जखम दाखवायची तर लाज आड येते. डॉक्टरकडे जायचे तर खर्च आड येतो. तिने सांगितले नाही हा तिचा दोष मानण्यापूर्वी, आपण कधी विचारले काय, हे प्रत्येक घराने स्वतःला पुसावे.

ज्यांची भजने आपल्या गावोगावी घुमतात, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही १९६८ साली कर्करोगानेच गेले. त्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय नागपुरास उभे आहे, आणि रामाकोन्याहून नागपूर काही सातासमुद्रापलीकडे नाही. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. वेळीच ओळखला तर त्वचेचा कर्करोग पुष्कळदा लहानशा शस्त्रक्रियेने समूळ जातो. प्रत्येक तीळ कर्करोग नसतो, म्हणून भिण्याचे कारण नाही. मात्र महिनाभरात न भरणारी जखम, आकार वा रंग पालटणारा डाग, नखाखालची रुंदावणारी काळी रेघ, ही डॉक्टरांना दाखविलीच पाहिजेत.

विद्यार्थिमित्रांनो, विज्ञान केवळ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहावयाचे नसते. आज घरी गेल्यावर आजीजवळ बसा आणि विचारा, "आजी, तुला कुठे दुखतंय का?" शाळेत शिकलेल्या विज्ञानाचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाही.