हेलकावे

या सदराच्या वाचकांना आमच्या गाडीची ओळख नव्याने करून द्यायला नको. अण्णांनी १९८५ च्या डिसेंबरात घेतलेली पांढरी पद्मिनी. तिच्यावर मी यापूर्वी दोनदा लिहिले आहे आणि दोन्ही वेळा घरात बोलणी खाल्ली आहेत. आता तिसऱ्यांदा लिहितो आहे, कारण येत्या डिसेंबरात तिच्या फेरनोंदणीची मुदत भरते. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. मग दर पाच वर्षांनी तिला परिवहन कार्यालयात नेऊन ती अजून धडधाकट आहे असे दाखवावे लागते. आजवर पाच वेळा तिने ते दाखवले. या खेपेला मात्र सौ.चे स्पष्ट मत पडले की गाडी भंगारात द्यावी. अण्णा काहीच बोलले नाहीत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, त्या बातमीचे कात्रण त्यांनी गाडीच्या कागदपत्रांत ठेवले आहे. त्यावरून काय समजायचे ते आम्ही समजतो.

सौ.च्या मताला कारण घडले होते. गेल्या नोव्हेंबरात आम्ही सगळे जेजुरीला निघालो असता दिवे घाटात, अर्ध्या चढावर, गाडीला काय झाले कोण जाणे! माझा पाय ॲक्सिलरेटरवर एकाच जागी होता. तरी इंजिनाचा आवाज आपोआप खाली जाई, गाडी मरगळून जाई, मागचा उसाचा ट्रक हॉर्न वाजवी. आणि मी गियर बदलण्याच्या बेतात असावे, तोच इंजिन पुन्हा जोर धरून गाडी पुढे घेई. असे चारपाच वेळा झाले. मागच्या सीटवर अण्णा आणि मुलगी, त्यांच्या मागे तो ट्रक. कशीबशी कडेला घेतली. दहा मिनिटांनी सुरू केली, तर गाडी अशी सुरेख चालली की आपल्यालाच भास झाला असावा असे वाटावे. सौ. मात्र परतीच्या वाटेवर एक शब्दही बोलली नाही.

त्यानंतरचे तीन महिने मी दोन गॅरेजांना पोसले. पहिल्याने प्लग, सीबी पॉइंट आणि कंडेन्सर बदलला. गाडी तीन आठवडे उत्तम चालली आणि मी त्याची चारचौघांत स्तुती केली. चौथ्या आठवड्यात तोच प्रकार. दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून धुतला, पेट्रोल पंपाचा पडदा नवा घातला. पुन्हा काही दिवस सुखाचे गेले. येऊनजाऊन असणाऱ्या बिघाडाची हीच तर गंमत आहे. तो नसतो तेव्हा कोणताही उपाय लागू पडतो! आणि गॅरेजात नेली की गाडी सासरच्या मंडळींपुढे उभ्या केलेल्या मुलीसारखी शहाण्यासारखी वागते.

शेवटी एका सहकाऱ्याने नाना पेठेतल्या एका वयस्कर मेस्त्रींकडे धाडले. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. हात पुसत विचारले, "सर, गाडी नेमकं काय करते?"

मी म्हटले, "झटके देते."

"झटके देते, की हेलकावे खाते?"

मी बुचकळ्यात पडलो. समानार्थी शब्द खरोखर समानार्थी नसतात, हे वीस वर्षे मी मुलांना फळ्यावर लिहून देत आलो. तो धडा मला एका स्टुलावर बसून ऐकावा लागला.

"झटका म्हणजे दिवे गेल्यासारखा," मेस्त्री म्हणाले. "एकदम जातो, एकदम येतो. तो बहुतेक करंटचा असतो. वायर आतून तुटलेली, पॉइंट ढिला. हेलकावा हळू जातो, हळू येतो. तो पेट्रोलचा, नाहीतर हवेचा."

"मग हेलकावेच," मी म्हटले, आणि ऐकलेले ज्ञान पाजळले. "नव्या पेट्रोलमुळे असेल का? त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते." हे अगदीच चूक नव्हते. इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायू घेऊन येते, त्यामुळे मिश्रण पातळ पडते. नव्या गाड्या ते ओळखून पेट्रोल वाढवतात, जुन्या कार्बोरेटरच्या जेटचे भोक मात्र आहे तेवढेच राहते.

मेस्त्री हसले. "सर, पेट्रोल रोज तेच आहे. त्यानं बिघडायची तर रोज बिघडली असती. रोज असणारी गोष्ट कधीतरी होणाऱ्या बिघाडाचं एकटी कारण कशी होईल? कधी होतं, ते लिहून आणा. किती चालल्यावर, चढ होता का, टाकीत किती होतं. आणि तोवर कशालाही हात लावू नका."

वही आमच्याकडे तयारच होती. गाडी घेतल्या दिवसापासून अण्णा पेट्रोलचा हिशेब ठेवतात: तारीख, किलोमीटर, लिटर, भाव. त्याच वहीच्या समासात मी हेलकावे मांडू लागलो. चार महिन्यांत सात नोंदी झाल्या. ऊन, पाऊस, थंड इंजिन, गरम इंजिन यांचा काही मेळ बसेना. पण सातही वेळा काटा पाव टाकीच्या खाली होता आणि सहा वेळा रस्ता चढाचा होता.

मेस्त्रींनी वही परीक्षकाच्या गांभीर्याने वाचली. मागची पानेही चाळली. २०२४ च्या जुलैतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय?" तिथे अण्णांच्या अक्षरात होते : 'झाकण हरवले (चि. कडून).' मी म्हटले, "ते टाकीचे झाकण. त्याचा काही संबंध नाही."

"बघू," ते म्हणाले. टाकीतले पेट्रोल उतरेल तेवढी हवा आत शिरावी लागते. झाकणाचे भोक बुजलेले असले की पंपाला ओढता येत नाही. तेव्हा पुढच्या हेलकाव्याला गाडी थांबवून झाकण फिरवायचे आणि कान लावायचा. मी कान लावला. कात्रजच्या जुन्या घाटात भर दुपारी टाकीला कान लावून बसलेला प्राध्यापक पाहून दोन मोटारसायकलवाले थांबलेसुद्धा. सुस्कारा आला नाही. झाकण निर्दोष ठरले.

मग मेस्त्रींनी टाकीच तोडली; म्हणजे तिचा पाइप सोडला आणि पेट्रोलने भरलेल्या एका डब्यातून पंपाला नळी जोडली. (वाचकांनी हा प्रयोग घरी करू नये. मेस्त्रींच्या पायाशी आग विझवायचे नळकांडे होते.) दिवे घाट दोनदा चढलो. एकही हेलकावा नाही. वर परत टाकी जोडली, तीत मोजून तीन लिटर ठेवले आणि पुन्हा खालून निघालो. तिसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज खाली गेला. मी घाबरलो, मेस्त्री मात्र मिटल्या डोळ्यांनी मान डोलवत होते.

"आता कळलं?" ते म्हणाले. "चढाला इंजिन जास्त पितं. टाकीच्या तोंडाशी काहीतरी येऊन बसतं. पिणं जास्त, भरणं कमी. कार्बोरेटरचा चेंबर उतरतो, इंजिन ढिलं पडतं. ढिलं पडलं की पिणंही कमी, तेवढ्यात चेंबर भरतो, इंजिन उसळतं. आणि गाडी बंद केली की ओढ संपते, जे बसलंय ते सुटून खाली पडतं. म्हणून तर कुणाला सापडत नाही."

टाकी उतरवली. काट्याच्या फ्लोटचे भोक मोकळे करून मेस्त्रींनी तारेचा आकडा आत घातला आणि बराच वेळ चाचपून एक दुधी, मऊ पडलेला प्लॅस्टिकचा तुकडा बाहेर काढला. तळहाताएवढा, आणि कडेने गोल फाटलेला. टाकीच्या तोंडाएवढा गोल.

वाचकहो, झाकण हरवले तेव्हा नवे मिळेपर्यंत चार दिवस मी टाकीच्या तोंडाला दुधाची पिशवी रबराने बांधली होती. नवे झाकण आल्यावर ती ओढून काढली. हातात आली ती बाहेरची झालर. मधला भाग कुठे गेला, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. दोन गॅरेजांना मी सहा महिने मनातून शिव्या दिल्या, सरकारी पेट्रोलला उघडपणे दिल्या, आणि एकदा, खरे सांगायचे तर, अण्णांनाही दिल्या, की त्यांच्या हट्टापायी ही म्हातारी गाडी आपण पोसतो आहोत.

संध्याकाळी तुकडा कागदात गुंडाळून घरी नेला आणि अण्णांना सगळे सांगितले. त्यांनी तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. मग चष्मा लावला, वही मागितली आणि तारीख घालून लिहिले : 'टाकी साफ केली. प्लॅस्टिक निघाले.' कोणाकडून, ते लिहिले नाही.

त्यानंतर तीनदा काटा तळाला जाईपर्यंत गाडी चालवली आहे. हेलकावा आलेला नाही. फेरनोंदणीचा अर्ज भरून ठेवला आहे. सौ. म्हणते, "भरा. पण अहो, जेजुरीला आधी तुम्ही एकटे जाऊन या."