आधी ब्रेक, मग बूस्ट

जपानहून न्यूझीलंडला आलेल्या जुन्या गाडीत बसलात की पहिली गंमत कळते ती रेडिओची. जपानमधला एफएम बँड ७६ मेगाहर्ट्झला सुरू होतो आणि जुन्या गाड्यांच्या रेडिओत ९० ला संपतो. न्यूझीलंडची बहुतेक स्टेशनं त्याच्या पुढे लागतात. मग एरियलच्या वायरीत ‘बँड एक्सपांडर’ नावाची एक छोटीशी डबी बसवायची. स्वस्तात मस्त काम! तिथल्या कितीतरी गाड्यांचं पहिलं मॉडिफिकेशन हेच असतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा. रेडिओ लागला, आता पुढचे पैसे कशावर घालायचे?

तुम्ही म्हणाल, आपण पुण्यात नाही तर नाशकात बसलोय, आपल्याला काय त्याचं? दोन कारणं आहेत. तुमच्यापैकी काहीजण मास्टर्ससाठी ऑकलंड, हॅमिल्टन, ख्राइस्टचर्चला जाणार आहात आणि तिथं स्वतःची गाडी ही चैन नसते, अनेकदा गरजच असते. बाकीचे इथंच राहून रात्री एक वाजता त्याच गाड्यांची रील्स बघणार आहात. खिशातले पैसे दोघांचेही मोजकेच. आणि ते चुकीच्या क्रमानं खर्च झाले तर नुकसान फक्त पैशाचं होत नाही.

आधी या गाड्या तिकडे आल्या कशा, ते बघू. जपानमध्ये गाडीची ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. ती महागात पडते, म्हणून अनेक लोक चांगल्या चालत्या गाड्या विकून टाकतात. न्यूझीलंडमध्ये जपानसारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. तिथल्या सरकारनं १९८०च्या दशकाच्या शेवटी आयातीचे नियम सैल केले, आणि जपानच्या जुन्या गाड्या जहाजं भरभरून यायला लागल्या. आपल्याकडे हा दरवाजा जवळपास बंदच आहे. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात सहसा आणता येत नाही. म्हणून आपल्यासाठी जी गाडी मोबाइलच्या वॉलपेपरवर असते, ती तिकडे शेजाऱ्याच्या दारात उभी असते.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स. १९९२ ला आली. कॉलिन मॅक्रे १९९५ मध्ये इम्प्रेझा चालवूनच वर्ल्ड रॅली चॅम्पियन झाला. पुढे २००१ मध्ये रिचर्ड बर्न्स आणि २००३ मध्ये पेटर सोल्बर्ग. दोन लिटरचं इंजिन, पिस्टन उभे नसून आडवे, समोरासमोर. चारही चाकांना ताकद. आणि टर्बो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटा पंखा फिरवतो, तो पंखा दुसरा पंखा फिरवतो, आणि दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. या कोंबण्याच्या दाबाला म्हणायचं बूस्ट.

२००० नंतरच्या जपानी डब्ल्यूआरएक्सची ताकद कागदावर २५० हॉर्सपॉवर. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकच्या जवळपास तिप्पट! म्हणजे कंपनीतून निघाली तेव्हाच ही गाडी बावीस वर्षांच्या पोराला पुरून उरेल अशी होती. फक्त ती कंपनीतून निघाली त्याला आता वीस-पंचवीस वर्षं झाली आहेत. सगळा मुद्दा इथंच आहे.

माझा मावसभाऊ हॅमिल्टनला शिकतो. त्यानं अशीच एक गाडी बघून ठेवली आणि मला ‘काय काय करायचं’ याची यादी पाठवली. वरून पहिल्या तीन गोष्टी: ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, मोठा एक्झॉस्ट, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. यादी अकरा कलमांची होती. त्यात ब्रेक हा शब्द एकदाही नव्हता. त्याची एकट्याची यादी अशी असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण कुठल्याही ग्रुपवर विचारा, याद्या अशाच येतात, कारण रीलमध्ये आवाज ऐकू येतो आणि ब्रेक पॅड दिसत नाही.

आमचं म्हणणं साधं आहे. पहिला पैसा गाडी थांबवण्यावर, दुसरा ती टिकवण्यावर, आणि उरला तर तिसरा पळवण्यावर.

थांबवणं म्हणजे टायर आणि ब्रेक. गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढा. इंजिनावर कितीही खर्च करा, तो या चार तळहातांतूनच रस्त्यावर उतरणार. डब्ल्यूआरएक्समध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. चारही चाकं चालवणारी गाडी असल्यानं चारही टायर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. पैसे वाचवायला दोनच नवे टाकले तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि मधल्या डिफरन्शियलवर कायमचा ताण येतो. आज दोन टायरचे पैसे वाचतात, उद्या डिफरन्शियलचं बिल येतं.

ब्रेकचं गणित तर अकरावीच्या फिजिक्समध्येच शिकवलंय. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ५० च्या वेगाला जी गाडी सहज थांबते, तिला १०० ला थांबवायला ब्रेकना चारपट काम करावं लागतं. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्येच जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि पाणी मुरलेलं ऑइल लवकर उकळतं. उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि घाटाच्या मध्यावर पेडल स्पंजासारखं खाली जातं. नवं ब्रेक ऑइल, बरे पॅड, जमल्यास स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज. इंजिनातल्या बदलांच्या मानानं हा सगळा किरकोळ खर्च आहे.

दुसरा पैसा टिकवण्यावर. या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. आधीच्या मालकानं तो कधी बदलला याचा कागद मिळाला नाही, तर बदललाच नाही असं धरून चालायचं. बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही करून घ्यायचा, कारण खोलण्याची मजुरी एकदाच लागते. इंजिन ऑइल चांगलं, वेळेच्या आधी बदललेलं, आणि त्याची पट्टी दर आठवड्याला बघितलेली. टर्बो ऑइलवरच जगतो. गाडी गरम व्हायच्या आत पिळू नका आणि जोरात चालवून आल्यावर लगेच बंद करू नका, एखादा मिनिट शांत चालू द्या. या सवयीला एक पैसाही लागत नाही.

मग पेट्रोल. जपानमधलं प्रीमियम पेट्रोल साधारण १०० ऑक्टेनचं असतं आणि तिथल्या डब्ल्यूआरएक्सचा कॉम्प्युटर त्यावरच सेट केलेला असतो. न्यूझीलंडच्या पंपावर ९१, ९५ आणि काही ठिकाणी ९८ मिळतं. ९१ स्वस्त, म्हणून हात तिकडे जातो. पण कमी ऑक्टेनचं पेट्रोल दाबाखाली स्वतःच भडकतं. याला नॉकिंग म्हणतात. कॉम्प्युटर सांभाळून घ्यायचा प्रयत्न करतो, ताकद कमी करतो, पण सततचं नॉकिंग या इंजिनाच्या पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचा फोडतं. त्यामुळे पहिलं ‘परफॉर्मन्स मॉडिफिकेशन’ कुठलं, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे ९८ ची टाकी. गंमत नाही, खरंच.

आता यादीतल्या वरच्या नावांकडे वळू. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. गिअर बदलताना टर्बोनं दाबलेली हवा अडकते, ती सोडायला व्हॉल्व्ह लागतो. कंपनीचा व्हॉल्व्ह ती हवा गुपचूप परत आत पाठवतो. बाजारात मिळणारा व्हॉल्व्ह ती बाहेर सोडतो, म्हणून तो ‘फिस्स्स’ आवाज येतो. अडचण अशी की ही हवा सेन्सरनं आधीच मोजलेली असते. कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल टाकतो, हवा मात्र निघून गेलेली. म्हणजे आवाजासाठी पैसे द्यायचे, वर जास्त पेट्रोल जाळायचं आणि गाडी गिअर बदलताना अडखळणार. ताकद किती वाढली? शून्य.

मोठ्या एक्झॉस्टची गोष्ट थोडी वेगळी. टर्बोच्या गाडीत धूर मोकळा निघाला तर खरंच फरक पडतो, त्यातही टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपनं. पण धूर मोकळा झाला की बूस्टही ठरल्यापेक्षा वर जाऊ शकतो, आणि जुन्या कॉम्प्युटरला त्याची कल्पना नसते. म्हणून हा पाइप आणि कॉम्प्युटरचं नवं ट्यूनिंग एकाच बजेटमध्ये धरायचं. आज पाइप, सहा महिन्यांनी ट्यूनिंग असं करायचं नाही. पैसे दोन्हीला पुरत नसतील तर थांबा. तोवर एक बूस्ट गेज लावा. आत काय चाललंय हे कळणं हा काही न बिघडवणारा बदल आहे.

वळणावर गाडी छान वाटावी असं वाटत असेल तर मागचा थोडा जाड अँटी-रोल बार आणि नीट केलेलं व्हील अलाइनमेंट. डब्ल्यूआरएक्स वळणात नाकानं बाहेर जाते, ते यानं कमी होतं. रोज, प्रत्येक वळणावर जाणवतं आणि खिशाला फार लागत नाही.

कुणी म्हणेल, ही तर सर्व्हिसिंगची यादी झाली, यात मॉडिफिकेशनची मजा कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. गाडीत स्वतःचं काहीतरी असावं असं वाटणं चुकीचं नाही. उलट हात काळे करून गाडी समजून घेणारी मुलं आम्हाला आवडतात. पण पंचवीस वर्षांची गाडी पुन्हा नव्यासारखी थांबते, वळते आणि खेचते, तेव्हा बहुतेकांना पहिल्यांदाच कळतं की ती मुळात काय होती. झिजलेल्या गाडीवर बूस्ट वाढवणं म्हणजे गळक्या छपरावर झुंबर लावणं. झुंबर लावा की! आधी छप्पर बघा.

शिवाय कायदा आहे. न्यूझीलंडमध्ये गाडीला ‘वॉरंट ऑफ फिटनेस’ लागतं आणि मोठ्या बदलांना वेगळं प्रमाणपत्र. रस्त्यावर बेकायदा रेसिंग करणाऱ्यांची गाडी जप्त करून चिरडण्याचा कायदा तिथं २००९ मध्ये झाला. विमा सक्तीचा नाही, म्हणून अनेक विद्यार्थी घेतच नाहीत, आणि घेतला तरी बदल कळवत नाहीत. न कळवलेल्या बदलांवर क्लेम नाकारला जाऊ शकतो. समोरच्या महागड्या गाडीचं बिल मग तुमच्या फीच्या पैशातून जातं. घरी कर्ज काढून पाठवलेल्या मुलासाठी हा सगळ्यात महाग पार्ट.

इथं राहणाऱ्यांनीही हसू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध जाणारे बदल गाडीत करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्यातही त्याच वर्षी सुधारणा झाली. आता बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो तर तुम्ही पाहिलेच आहेत. टायर, पॅड, ऑइल, बेल्ट मात्र कंपनीच्या मापाचे, चांगल्या प्रतीचे, नवे टाकायला कुणीच अडवत नाही. इथंही नाही, तिथंही नाही.

शेवटी एक नाव सांगायलाच हवं. पॉसम बॉर्न. न्यूझीलंडचा, सुबारूचा माणूस. ऑस्ट्रेलियाची रॅली चॅम्पियनशिप त्यानं १९९६ ते २००२ सलग सात वेळा जिंकली. एप्रिल २००३ मध्ये एका डोंगरी शर्यतीच्या आधी तो रस्ता बघायला गेला होता. शर्यत सुरू झाली नव्हती. समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली आणि काही दिवसांनी तो गेला. इतक्या कसलेल्या माणसालाही मोकळा वाटणारा रस्ता माफ करत नाही. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर तीन मित्र असतील, त्यांनी तुमची यादी वाचलेली नसते. ते फक्त विश्वासानं बसलेले असतात.

तेव्हा पहिली गाडी घ्याल तेव्हा यादी जरूर करा. तिकडे डब्ल्यूआरएक्स घ्या, नाहीतर इथं बाबांची टर्बो पेट्रोल नेक्सॉन चालवा. पहिल्या तीन ओळी मात्र कोऱ्या ठेवा आणि त्यात टायर, ब्रेक, ऑइल लिहा. चौथ्या ओळीपासून तुमची मर्जी.